खुणा माणसाच्या, ओळख चित्राची

सुरुवातीला एक कोडे घालतो. एक चित्रकार ओळखायचा आहे. जन्म १९२२ सालचा, तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाड ह्या मुलखातला. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तरुणपणी एका बंडखोर चित्रकारगटाचा संस्थापक सदस्य. पुढे युरोपात स्थायिक झाला, पत्नीही तिकडचीच. ख्याती अमूर्त चित्रांसाठी. दीर्घायुषी. सांगा, कोण?

चित्रकलेशी थोडाफार परिचय असलेला कोणीही क्षणाचा विलंब न लावता सय्यद हैदर रझा हे नाव घेईल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. रझांचा जन्म १९२२चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. ते आधी नागपूरच्या आणि मग मुंबईच्या कलाशाळेत शिकले, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत सहभागी झाले, १९५०मध्ये फ्रान्सला गेले, तिथल्याच एका चित्रकर्तीशी विवाहबद्ध झाले आणि २०१६ साली वयाच्या ९४व्या वर्षी दिल्लीत वारले. एकूण एक खूण जुळते.

माझ्या मनातला चित्रकार मात्र दुसराच आहे. तो जन्मला अकोल्यात. साल तेच, १९२२. कलाशाळाही तीच. गट वेगळा, देश वेगळा. १९७२च्या सुमारास तो नॉर्वेला गेला आणि २०१२ साली ऑस्लो येथे, नव्वदीच्या घरात असताना, निवर्तला. कॅनव्हासवर आणि प्रदर्शनांच्या पुस्तिकांत तो नाव लावत असे ते फक्त ‘अंबादास’ एवढेच.

हा योगायोग गमतीचा वाटेल. एका मुलखात, एका वर्षी जन्मलेली दोन माणसे, एका शाळेतून निघून युरोपात पोचली आणि दोघांनीही मूर्ताचा हात सोडला. कोडे अधिक नेमके करायचे म्हणून आपण आणखी खुणा घालू शकतो. पण नेमकेपणाने प्रश्न सुटतो का, ते पाहू.

पहिली वाढीव खूण गटाची घेऊ. १९६२ साली भावनगरात बारा चित्रकार-शिल्पकार एकत्र आले. ज्या घरात ते जमले त्या घराचा क्रमांक १८९० होता, म्हणून गटाचे नाव ‘ग्रुप १८९०’. (हा आकडा पाहून एखाद्या सनावळीत शिरणारा विद्यार्थी कोड्याच्या बाहेरच फेकला जाईल.) जगदीश स्वामिनाथन, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, जेराम पटेल, हिम्मत शाह अशी पुढे मोठी झालेली नावे त्यात होती. राजा रविवर्म्याची वास्तवाची नक्कल आणि बंगाल शैलीचा गोड भूतकाळ, दोन्ही नाकारणारा जाहीरनामा त्यांनी काढला. ऑक्टोबर १९६३मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीत त्यांचे प्रदर्शन भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. पुस्तिकेची प्रस्तावना लिहिली ती मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत आणि कवी ऑक्टाव्हिओ पाझ ह्यांनी. त्यानंतर गटाचे दुसरे प्रदर्शन झालेच नाही. अंबादास ह्या बारा जणांपैकी एक.

आता कोडे असे होईल: ‘ग्रुप १८९०’चा सदस्य, अमूर्त चित्रे काढणारा, पुढे नॉर्वेत स्थायिक झालेला. आता तरी एकच उत्तर यावे. येत नाही! अलाहाबादेत जन्मलेले एरिक बोवेन हेही त्याच बारांपैकी आणि तेही नॉर्वेवासी झाले. बारा माणसांच्या गटातले दोघे जगाच्या पाठीवरच्या एकाच लहानशा देशात जाऊन राहतात, तेव्हा खुणांवर भरवसा ठेवणाऱ्याने काय करावे?

बरे, विदर्भाकडून येऊ. विदर्भात जन्म, जे. जे.मध्ये शिक्षण, मुंबई सोडून दिल्लीत वास्तव्य, आयुष्यभर अमूर्ताची साधना. लगेच वासुदेव गायतोंडे पुढे येतात. जन्म नागपूरचा, १९२४चा, घराणे गोव्याचे. १९७०नंतरचे त्यांचे आयुष्य दिल्लीत, निजामुद्दीनच्या खोलीत गेले. चार चित्रकार आणि चरित्राच्या जवळजवळ सारख्याच कणकेचे चार उंडे. वेगळे करावे तर कशावरून?

माझे म्हणणे असे, की ह्या चौघांना वेगळे करणारी एकच जागा आहे आणि ती कॅनव्हासवर आहे. गायतोंड्यांच्या चित्रात रंग थरांवर थर बसत जातो, पुसला जातो, खरवडला जातो आणि शेवटी पाण्याच्या तळाशी गाळ निवावा तसा निवतो. डोळा एकाच जागी बराच वेळ थांबला तर त्याला काही दिसू लागते. रझांच्या उत्तरकाळातल्या चित्रात बिंदू, त्रिकोण, चौकोन आपापल्या जागी ठामपणे बसलेले असतात. रंग शुद्ध, कडा ठळक, आणि कित्येकदा कॅनव्हासवरच देवनागरी अक्षरे. अंबादासांच्या चित्रात बसलेले असे काहीच नसते. रुंद कुंचल्याचा फटकारा वाहत येतो, वळतो, स्वतःभोवती गुंडाळतो, आणि त्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक चिरांचे जाळे पसरलेले दिसते. रंग एकमेकांत विरघळत नाहीत, आक्रसून, फुटून, एकमेकांना वाट देत बाजूला सरतात. झाडाची साल, ओढ्यातले शेवाळ, सूक्ष्मदर्शकाखालचा जीव अशा उपमा सुचतात खऱ्या, पण एकही टिकत नाही, कारण डोळा एका जागी थांबायच्या आत फटकारा पुढे गेलेला असतो. गायतोंड्यांचे चित्र थांबायला लावते आणि अंबादासांचे थांबू देत नाही. बोवेन ह्यांचे चित्रही असेच स्वतःच्या खुणांनी ओळखावे लागेल, नॉर्वे हे नाव त्या कामी उपयोगाला येणार नाही. हे सारे कळायला जन्मगाव लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात जोव्हानी मोरेल्ली नावाच्या इटालियन गृहस्थाने जुन्या चित्रांचे कर्ते ओळखण्याची एक तऱ्हा काढली. त्याचे म्हणणे असे, की चित्रकार ओळखायचा तर त्याचे प्रसिद्ध गुण पाहू नका, कारण नक्कल करणारा नेमके तेच उचलतो. कानाची पाळी, बोटांची नखे अशा जागा पाहा, जिथे हात सवयीने चालतो. त्याने हे लेख १८७४ ते १८७६ ह्या काळात एका रशियन टोपणनावाने छापले, आणि ते टोपणनाव त्याच्याच आडनावाची अक्षरे उलटसुलट करून बनवलेले होते, हीही एक मौजच. कार्लो गिन्झबुर्ग ह्या इतिहासकाराने १९७९च्या आपल्या गाजलेल्या निबंधात मोरेल्ली, शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड ह्या तिघांना एका ओळीत बसवले: क्षुल्लक खुणेवरून मोठ्या गोष्टीपर्यंत पोचणारी ही एकाच जातीची बुद्धी. अमूर्त चित्रात कान नसतात आणि नखेही नसतात. तरी हाताची सवय असतेच. फटकारा संपताना कुंचला उचलला कसा, कडेपाशी रंग थोपवला की वाहू दिला, पातळ रंगावर जाड रंग कधी आला, हे अमूर्त चित्राचे कान. ‘खूण’ ह्या शब्दावर आपला एवढा जीव असेल तर ह्या खुणा वाचायला शिकणे श्रेयस्कर.

ही केवळ रसिकतेची चैन आहे, असे कोणी म्हणेल. त्याला २००९ सालच्या जानेवारीतली घटना सांगावी. दिल्लीतल्या एका कलादालनात रझांची सुरुवातीच्या काळातली म्हणून चित्रे मांडली गेली. उद्घाटनाला खुद्द रझा उपस्थित होते. त्यांनी भिंतीवरची चित्रे पाहिली आणि ही माझी नव्हेत, असे सांगितले. प्रदर्शन गुंडाळावे लागले. नाव बरोबर होते, कालखंड बरोबर होता, चित्रकार समोर उभा होता, म्हणजे चरित्राच्या बाजूने सगळे ठाकठीक होते. खोटी होती ती फक्त चित्रे. चित्रकार हयात होता आणि दालनात हजर होता म्हणून हे उघडकीस आले. जो हयात नाही, ज्याच्या चित्रांना पाहून सरावलेले डोळे मूठभरच आहेत, त्याच्या नावावर उद्या काय खपेल?

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा वाद नवा नाही. विम्सॅट आणि बियर्डस्ली ह्यांनी १९४६ साली लेखकाच्या हेतूला समीक्षेच्या न्यायालयातून बाहेर काढले, बार्थने १९६७मध्ये लेखकाचा मृत्युलेखच लिहिला. आपल्याकडे मर्ढेकरांनी सौंदर्यविचार मांडताना संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयींच्या भाषेत कलाकृतीकडे पाहायला सांगितले. ही सगळी सूत्रे आपण परीक्षेत बिनचूक लिहितो. मात्र अमूर्त चित्रापुढे उभे राहिलो, की हाच अभ्यासक अस्वस्थ होतो आणि चित्राशेजारच्या पट्टीकडे वळतो. कविता अवघड असली तरी तिच्यात शब्द असतात, धरायला काहीतरी असते. अमूर्त चित्रात धरायला काही दिसत नाही, म्हणून आपण चित्रकाराचा हात धरतो. जिथे विषय नाही तिथे चरित्र हाच विषय करून टाकतो.

असे केल्यावर कसल्या समजुती तयार होतात, पाहा. अंबादास काही काळ विणकर सेवा केंद्रात काम करीत. झाले! त्यांचे फटकारे म्हणजे सुताचे धागे. मग त्याच केंद्रांतून नोकरी केलेले प्रभाकर बरवे घ्या. त्यांच्या चित्रात घड्याळ, पान, शिंपला अशा वस्तू रिकाम्या अवकाशात अलगद तरंगतात. धाग्याचे नाव नाही. हातमागाच्या क्षेत्रात काम केलेले के. जी. सुब्रह्मण्यन घ्या. त्यांच्याकडे गोष्टी, पशू, माणसे ह्यांची दाटी. एकाच नोकरीतून तीन परस्परविरोधी चित्रसृष्टी निघत असतील, तर नोकरीने नेमके काय सिद्ध केले? तसेच नॉर्वेचे. तिकडचे फ्योर्ड, तिकडचे पाणी, तिकडचा उत्तरेचा उजेड त्यांच्या रंगांत उतरला, असे लिहिणे सोपे आहे. पण ती वाहती, वळवळती रेषा साठीच्या दशकातच, म्हणजे ते भारतात असतानाच, त्यांच्या चित्रांत आलेली आहे. पाणी नॉर्वेचे म्हणावे, तर ओहोळ आधी आला आणि देश नंतर.

रझांच्या बाबतीत तर ही सांधेजोड चित्रकारानेच करून दिली. लहानपणी चंचल मन एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण ते सांगत असत. बिंदू तिथून आला, हे मान्य. पण ही कथा रझांच्या साऱ्याच बिंदूंना सारखीच लागू पडते. त्यांपैकी काही बिंदू आपल्याला खेचून घेतात आणि काही नुसतेच गोल राहतात, ह्याचा उलगडा तिच्यात नाही, आणि समीक्षेचे काम तर त्या उलगड्यापासूनच सुरू होते.

आता सर्वांत अवघड खूण. मघाशी लिहिले, की हा चित्रकार ‘अंबादास’ एवढेच नाव लावीत असे. मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला: आडनाव काय? आडनाव खोब्रागडे. वऱ्हाड-नागपूरकडच्या वाचकाला ते ऐकताच एका क्षणात जे ‘कळते’, ते काय असते हे आपण सारे जाणतो. ह्या कळण्याने चित्रातला एक ठिपकाही अधिक दिसत नाही, तरी माणूस ओळखल्याचे समाधान मात्र पुरेपूर मिळते. मग एक समीक्षक ते आडनाव चित्रात शोधायला निघतो आणि प्रत्येक काळ्या फटकाऱ्यात वेदना वाचतो. दुसरा त्या चित्रात आडनाव सापडत नाही म्हणून चित्रकाराला जाब विचारतो. दोघांच्याही पाठी चित्राकडेच आहेत. काही लेखकांकडून आपण आत्मकथनाचीच अपेक्षा करतो आणि इतरांना मात्र निखळ कल्पनेची मोकळीक देतो, ही आपल्या वाङ्मयीन व्यवहारातली जुनी असमानता. चित्रकलेतही ती शिरली आहे. निवांतपणे नुसता रंग रंगवण्याचा अधिकार काहींना जन्मतः मिळतो आणि काहींना त्यासाठी खुलासे द्यावे लागतात. एकेरी नावाने सही करणाऱ्या माणसाकडे खुलासा मागण्यापूर्वी त्याने जे समोर ठेवले आहे ते पाहावे, एवढी सभ्यता आपण दाखवायला हवी.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. चरित्र दूर ठेवा, हा उपदेश ज्यांची चरित्रे आधीच लिहून झाली आहेत त्यांना परवडतो. ज्यांच्या नावाची नोंदच झाली नाही, त्यांच्या बाबतीत ‘फक्त चित्र पाहा’ म्हणणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकणे नव्हे काय?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच चरित्राचे काम नेमके कोणते हे ठरवले पाहिजे. चित्राचा अर्थ सांगणे हे ते काम नव्हे. चित्र आपल्यापर्यंत का पोचले नाही हे सांगणे, ते त्याचे खरे काम. आयुष्याची शेवटची चाळीस वर्षे चित्रकार ऑस्लोत असतो, तेव्हा मुंबई-दिल्लीच्या दालनांत, खरेदीदारांच्या वर्तुळात, वृत्तपत्रांतल्या स्तंभांत त्याचे नाव आपोआप फिरत नाही. त्याचा गट एकाच प्रदर्शनानंतर संपलेला असतो, त्यामुळे गटाच्या नावावरही तो तरत नाही. रझा अखेरीस भारतात परतले, त्यांचे सत्कार झाले, मुलाखती झाल्या. अंबादास परतले नाहीत. बरवे मराठी वाचकाला माहीत आहेत त्यात ‘कोरा कॅनव्हास’ ह्या त्यांच्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे, म्हणजे पुन्हा शब्दांचाच. गायतोंड्यांना सतीश नाईक ह्यांच्या ‘चिन्ह’ने मराठीत आणले, त्यांना ओळखणाऱ्या माणसांना बोलते केले, हे मोलाचे काम. पण सर्वसाधारण वाचकाच्या कानावर गायतोंडे हे नाव खऱ्या अर्थाने आदळले ते डिसेंबर २०१३मध्ये, मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले तेव्हा. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. त्यानंतर त्यांच्या एकांतवासाच्या कथा आवडीने वाचल्या जाऊ लागल्या. म्हणजे आधी किंमत आली, मग कथा, आणि चित्र पाहणे हे ज्याच्या त्याच्या सवडीवर राहिले.

अंबादासांच्या वाट्याला अशी किंमत आली नाही आणि दंतकथाही आल्या नाहीत. त्यामुळे एका अर्थी ते आपल्यापुढे निखळ स्थितीत आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला फारसे काही ऐकून ठेवावे लागलेले नाही. हे त्यांचे दुर्दैव खरे, पण पाहणाऱ्याला ही मोठी संधी आहे. उद्या कदाचित त्यांचेही चित्र कोटींचे उड्डाण घेईल आणि मग अकोला, आडनाव, ऑस्लो ह्यांची एक देखणी कथा रातोरात तयार होईल. त्याआधी त्यांचे चित्र पाहून घ्यावे.

पाहण्यात एक व्यावहारिक अडचण आहे, ती लपवू नये. छापील प्रतिमेत अंबादास जवळपास अर्धे नाहीसे होतात. त्या बारीक चिरा, रंगाचा आक्रसलेला पापुद्रा, पातळ आणि जाड थरांची ओढाताण, हे सारे पडद्यावर किंवा गुळगुळीत कागदावर सपाट होऊन जाते. हेच गायतोंड्यांचेही होते. कविता छापून एक ओळही न गमावता विद्यार्थ्याच्या हाती देता येते, चित्र देता येत नाही. तेव्हा मूळ चित्र कुठे टांगले आहे ते शोधून तिथवर जाणे, हा अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे. साहित्याच्या विभागांनी सहली काढाव्यात त्या लेखकांच्या जन्मगावीच का म्हणून? एखादी सहल एखाद्या चित्रापाशीही न्यावी.

शिक्षकांसाठी एक सूचना करून थांबतो. वर्गात हे कोडे उलटे घालावे. गायतोंडे, रझा आणि अंबादास ह्यांची प्रत्येकी दोन-दोन चित्रे, पट्ट्या झाकून, सह्या झाकून, एकमेकांत मिसळून भिंतीला लावावीत. प्रतिमा असल्या तरी सुरुवातीला चालतील. कोणाचे कोणते हे विचारू नये. कोणती दोन एका हातची आहेत एवढेच विचारावे आणि प्रत्येकाला आपले कारण एका वाक्यात लिहायला सांगावे. त्या वाक्यात गाव, जात, देश, भाव, किंमत ह्यांपैकी काही येता कामा नये. रंग, कडा, वेग, थर, रिकामी जागा एवढ्याच शब्दांवर भागवावे. पहिल्या दहा मिनिटांत वर्ग गोंधळेल. अर्ध्या तासाने कोणीतरी भिंतीजवळ जाऊन म्हणेल, की ही दोन एकाची असावीत, दोन्हींत रंग थांबतच नाही. त्या विद्यार्थ्याला मग अकोल्यात १९२२ साली जन्मलेल्या माणसाचे नाव सांगावे. ते नाव त्याने पाहून मिळवलेले असेल.